कल्ला

भाऊच्या धक्क्यावर
चांगुणा नाखवीण गिऱ्हाइकाला सांगते,
कल्ला उचल, लाल आहे ना बघ, मग भाव कर.

तिच्याच हिशेबासाठी मी लॅमिंग्टन रोडला गेलो.
दुकानदार म्हणाला, आधी पैसे, मग उघडा.
सीलबंद खोका उलटापालटा केला.
याला कल्ला कुठे?

शेजारच्याने दिलं. तीस दिवस फुकट.
आम्ही सगळी उधारी भरली,
बर्फाची, डिझेलची,
धाकूबाईच्या दोन टोपल्यांचीसुद्धा.
एकतिसाव्या दिवशी पडदा राखाडी.
आकडे आत, आम्ही बाहेर.

चांगुणा बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
चाखायला तुकडा देऊन
कोणी गिऱ्हाइकाची टोपली ठेवून घेतं का रे?

आणि कमरेची पिशवी सोडून
ओल्या नोटा मोजल्या,
घासाघीस न करता,
आयुष्यात पहिल्यांदा.