सतरा नंबर

पत्र्याच्या खोल्या पाडायला घेतल्या की
गार्निकचा फोन येतो.
"शुशान, कुत्री यायच्या आत ये,
आणि रुबो यायच्या आत."

भूकंपानंतर तात्पुरत्या म्हणून दिलेल्या खोल्या,
तीस वर्षं तात्पुरत्या.
माणसं आता नव्या इमारतीत जातात
आणि मागे ठेवतात ते सगळं
जे इतकी वर्षं फेकवलं नाही
आणि आता नेववलं नाही.

माझ्या पिशवीत पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर,
दोरीला बांधलेला एक लोहचुंबक
आणि मूठभर सूर्यफुलाच्या बिया.
ग्युमरीच्या थंडीत बोटं गोठली
तरी दात चालू राहिले पाहिजेत.

रुबो ग्रॅमवर जगतो.
खाटीक बोकडाकडे बघतो तसा तो
सर्किट बोर्डाकडे बघतो,
कापायच्या आधीच वजन झालेलं असतं.
मला हवं असतं एखादं बेअरिंग,
वॉशिंग मशीनचा पट्टा,
प्रिंटरमधला पोलादी गज.
त्या गजाइतकं सरळ या शहरात
दुसरं काही उरलेलं नाही.

प्रिंटरची मोटर सापडली तर
दोन तारा एकमेकींना टेकवायच्या आणि आस फिरवायचा.
जड लागला, तर समजायचं
आत अजून कुणीतरी आहे.

परवा चुलीमागे रेडिओ मिळाला.
लाकडी, आत उंदरांचं बाळंतपण होऊन गेलेलं.
मागचा पुठ्ठा काढला, फुंकर मारली,
तर लाल शाईचा त्रिकोण,
त्यात सतरा.
मार्च चौऱ्याऐंशी.

सतरा म्हणजे आई.
तपासणी विभाग, दुसरी पाळी.
घरी बटाटे सोलतानासुद्धा ती
पास, पास, नापास म्हणायची.

रुबो म्हणाला, पाच हजार द्राम.
मी बिया चघळत राहिले.
सात, म्हणाला.
सातात महिन्याचा गॅस येतो.
मी रेडिओ कोटाखाली घेतला
आणि एखादं मूल चोरल्यासारखी चालत सुटले.

रात्री आई झोपल्यावर टेबलावर उघडला.
कोरडे पडलेले कपॅसिटर काढले,
एका मेलेल्या टीव्हीतले घातले.
ट्रान्सफॉर्मर ठीक. दिवा लागला. आवाज नाही.
दीडपर्यंत शोधलं.
मग भिंगाखाली दिसलं,
एका पायाभोवती बारीक कडं,
केसाएवढी भेग.

कच्चा डाख.
पहिल्या दिवसापासून कच्चा,
आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर सतरा.

महिनाअखेर असेल.
आकडा पुरा करायचा असेल.
मला गोवर आला होता तो आठवडा असेल.
कुणीतरी हा रेडिओ दिमाखात घरी नेला असेल,
महिनाभर टपल्या मारून वाजवला असेल,
मग त्यावर फुलदाणी ठेवली असेल.
चाळीस वर्षं.

मी टोक टेकवलं.
तीन सेकंद. डाख वितळला, चमकला, बसला.

आधी घरघर,
मग बंद सीमेपलीकडून कुणीतरी तुर्कीत
अगदी निवांत, टोमॅटोचे भाव सांगावेत तसं बोलू लागलं.
मला कळत नव्हतं, तरी मी ऐकत होते.

आणि दारात आई.
काठी नाही, चप्पल नाही, केस सुटलेले.
सरळ आली, रेडिओ वळवला,
अंगठा बरोबर त्रिकोणावर ठेवला.
डोळ्यांना आता दिसत नाही तिच्या,
तरी जागा माहीत होती.

"आमचा माल," म्हणाली.
"एकदासुद्धा उघडावा लागला नसेल."

मी सोल्डरिंग गन पाठीमागे धरून उभी.
"नसेल," म्हटलं.

ती ऐकत बसली. बराच वेळ.
मग नाक वर करून, कारखान्यात करायची तसं,
हवा हुंगली.
"राळेचा वास येतोय."

"खिडकी उघडते," मी म्हटलं.

"नको," आई म्हणाली.
"राहू दे."