एप्रिलमधला बर्फ

तिला मी प्रेमळ म्हणणार नाही.
नीसच्या बंदरामागल्या गल्लीत
ती उशा शिवायची, जुन्या रजया उसवून भरायची,
आणि नाकात पिसं गेली की
घोडदळातल्या शिपायासारखी शिंकायची,
मोठ्यानं, माफी न मागता.
ग्लाफिरा पाव्लोव्हना ओर्दिन्स्काया.
शेजारणी पाठीमागे ‘उशीवाली सरदारीण’ म्हणत.
तोंडावर म्हणायची छाती कुणाला नव्हती.

बेचाळीस खिडक्यांचं घर होतं म्हणे तिचं.
आता एकच खिडकी, कोळशाच्या वखारीवर उघडणारी.
पासपोर्ट म्हणजे घडी पडलेला एक कागद,
देशाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.
“रेघ हीसुद्धा जागाच की,” ती म्हणे,
“आणि तिथून कुणी हाकलत नाही.”

त्या सप्टेंबरात हॉटेलांपुढे ट्रक उभे राहू लागले.
आई मला तिच्या दारात सोडून गेली
बोलता बोलता, अर्ध्या वाक्यात.
ते वाक्य अजून अर्धंच आहे.

मी आठ वर्षांची. नाव पेर्ला.
तिनं मला खालीवर न्याहाळलं,
बाजारात कोंबडी बघावी तसं.
“आजपासून पोलेट. जन्म ग्रासचा.
चुकलीस तर सूप नाही.”
एकदा चुकले.
खरंच दिलं नाही.

रात्री ती दाखले लिहायची.
लहानपणी फ्रेंच मास्तरणीनं
पट्टीनं बोटं सुजवून गिरवून घेतलेलं ते अक्षर,
कुठल्याही पाद्र्याचं वाटावं असं.
शाईत चहाचे दोन थेंब, जुनी दिसावी म्हणून.
“जहागीर गेली, घोडे गेले,
ती पट्टी तेवढी मागे राहिली,” म्हणायची,
आणि दाखले उशांच्या पोटात शिवून टाकायची.
पहाटे हातगाडी डोंगराच्या वाटेला लागायची.
ती स्वतः झोपायची गवताच्या उशीवर.
मला वाटायचं, चिक्कू आहे.

एकदा पुलाजवळ एका शिपायानं गाडी अडवली,
वरच्याच उशीत संगीन खुपसली.
रस्ताभर पिसं.
मी गाडीचा दांडा घट्ट धरून
ग्रास, ग्रास, ग्रास असं मनात घोकत राहिले.
ती त्याच्यावर ओरडली, जर्मनमध्ये.
सेनापतींच्या बायकांबरोबर चहा पिताना
वापरायची ती जर्मन.
त्याच्या टाचा आपोआप जुळल्या.
तिनं नुकसानभरपाई मागितली.
त्यानं दिली.

घरी आल्यावर मात्र तिला सुई ओवता येईना.
दोरा माझ्या हातात देऊन
भिंतीशी बोलावं तशी बोलली:
“मी सहा वर्षांची. एप्रिल होता. आम्ही बग्गीत.
गावावर पांढरं काहीतरी पडत होतं.
मी टाळ्या वाजवल्या, बर्फ!
मास्तरणी म्हणाली, हो, बर्फच.
गाडीवानानं घोडे वळवले.
जेवताना वडील म्हणाले, ज्यूंची वस्ती होती,
आपलं कुणी नव्हतं तिथं. आणि मीठ मागितलं.

फाडलेल्या गाद्यांची पिसं होती ती.
मला कळलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची.
तेरा वर्षं, पोरी,
तेरा वर्षं मी त्या बर्फाची आठवण
जपून ठेवली होती, सुंदर म्हणून.”

मी सुई ओवून दिली.
तिनं ती फाटकी उशी टाचली.

पुढे खूप वर्षांनी, माँताँच्या वृद्धाश्रमात
मी संत्री घेऊन गेले.
डोळे अधू झाले होते, पण पावलांवरून ओळखलं असावं.
“नाव?”
“पोलेट.”
“जन्म?”
“ग्रास.”
“हं,” म्हणाली. म्हणजे सूप मिळणार होतं.

मी खरं नाव सांगायला तोंड उघडलं,
पण तिचं लक्ष खिडकीकडे.
बाहेर बदामाचा मोहोर गळत होता,
वाऱ्यावर, पांढरा, भरपूर.
मी पटकन उठून पडदा ओढायला गेले.
तिनं माझं मनगट पकडलं, पूर्वीच्याच जोरानं.

“राहू दे,” म्हणाली.
“मला बघायचंय.”