पाऊणकी

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी
सारसोळ्याच्या जेट्टीवर शाल्मली विचारते,
पाणी कुठे गेलं?

आठ महिने हेच.
पाम बीच ओलांडताना हात देत नाही,
माझ्या शर्टाचं टोक धरते.
गंजलेल्या खांबाला एकदा तळवा लावते
आणि मग तोच प्रश्न, त्याच सुरात,
लिफ्टमधली बाई
रोज आमचा मजला सांगते तसा.

मी म्हणायचो, समुद्रात गेलं.
मी म्हणायचो, काल सांगितलं ना.
एकदा म्हणालो, पुरे आता,
तर ती पुरे आता पुरे आता म्हणत
सेक्टर सहापर्यंत चालत आली,
माझ्याच आवाजात.

घरी फ्रिजवर तक्ता होता.
नजरेला नजर: चार सेकंद.
नावाला ओ: दहापैकी तीन.
तेच ते विचारणं:
आणि पुढे चौकोन, फुल्यांसाठी.
मी बँकेतला माणूस, लाल पेनाला सरावलेला.
एकही चौकोन सोडला नाही.

ऑगस्टचा तक्ता रद्दीत टाकताना
हातून निसटला, उलटा पडला.
मागे पेन्सिलीनं आकडे, एकाखाली एक.
अकरा. अकरा. दहा. नऊ. सात. पाच. चार.
चार. पाच. सात.
चढत चढत पुन्हा अकरा.
मनवाला वाटलं, मजले असतील.
मला वाटलं, बसचे नंबर.
शाल्मलीला विचारलं तर तिनं कान झाकले,
शेजारी मिक्सर लागला होता.

चांगुणाबाई चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत होत्या.
सुतळी दातात धरूनच कागद घेतला,
हात लांब करून वाचला.
ह्या तं पायऱ्या, म्हणाल्या.
उघड्या पायऱ्या. शेवाळाखालची धरली नाय पोरीनं.
ओल्या बोटानं खुणा केल्या:
हितं पुनव. हितं अष्टमी, भांगाचं पानी.
हितं अवस, उधान.
मग मला विचारलं,
पाऊनकी येते का रं, बँकवाल्या?
तिथीची पाऊनकी कर, भरतीची वेळ येते.

पाऊण, दीड, सव्वादोन, तीन.
मी बोटांवर अडखळत गेलो,
पावणेचार, साडेचार, सव्वापाच,
आठाला सहा.
अष्टमीला सहा वाजता भरती,
आणि अष्टमीपुढे तिचा आकडा चार,
सगळ्यांत कमी पायऱ्या उघड्या.

म्हणजे पाणी रोज वेगळ्या ठिकाणी होतं.
ती रोज तेच विचारत होती
कारण रोज ते बदललेलं होतं.
समुद्रात गेलं, समुद्रात गेलं,
हे घोकणारा मी होतो.

यानं सगळं सुरळीत झालं असं नाही.
दुसऱ्या शाळेनं अर्ज परत केला, पत्र फार गोड होतं.
अनंत चतुर्दशीला जेट्टीवर ढोल, ट्रॉलर, पोलिसांची दोरी,
पायऱ्यांपर्यंत पोचताच आलं नाही.
तिनं स्वतःचं मनगट चावलं,
गाडीत बसवेपर्यंत माझंही.

रात्री, ती शांत झाल्यावर, मी पाऊणकी केली.
चौदाला साडेदहा. म्हणजे सहाला ओहोटी,
म्हणजे पायऱ्या अकराच, फार तर दहा.
म्हटलं, लिहू का अकरा?
पेन्सिल टेकवली.
तिनं ती माझ्या बोटांतून काढून घेतली,
हळूच, एकेक बोट उघडून,
आणि डब्यात ठेवून झाकण लावलं.

पाहिलं नाही ते लिहायचं नाही.
हे ती बोलली नाही.
तेवढी जागा अजून कोरी आहे.

तक्ता आता फ्रिजवर पाठमोरा लावलाय.
काल सहा दहाला तिनं विचारलं,
पाणी कुठे गेलं?
म्हटलं, बघू या.
आणि खाली बसलो तिच्या बाजूला,
अर्धा हात अंतर सोडून,
दोघांची तोंडं खाडीकडे.
मला नऊ दिसल्या.
तिनं आठ लिहिल्या.
मी पुन्हा मोजायला लागलो.