शून्य उंबऱ्यावर

दिवाळीची सुट्टी संपायला अजून चार दिवस.
खाऱ्या हवेनं कुलूप धरलंय.
खोबरेलाचे दोन थेंब, मग एक शिवी,
तेव्हा कुठं उघडते तोंडवळीची शाळा:
पहिली ते चौथी, खोली एक, पट अकरा.

गेल्या वर्षीचे तक्ते भिंतीनं सोडून दिलेत.
डिंक, चिकटपट्टी, टाचण्या,
समुद्रासमोर कुणाचंच चालत नाही.
सातचा पाढा बेचाळीसपर्यंत शाबूत,
पुढचा वाळवीनं तोंडपाठ केलाय.

मी घाटावरची, उमरग्याची.
आमच्याकडं दशक म्हणजे तुरीच्या दहा काड्या.
इथं माडाचे हीर.
खिचडी शिजवणारी रुक्मिणकाकी भारा टाकून गेली दारात,
वर म्हणाली, उरले तर केरसुणी बांधा, फुकट नको घालवू.
जाळ्याच्या तुटक्या सुतानं मी दहादहाच्या जुड्या बांधते.
दहा जुड्यांचा शंभर पहिलीतल्या मुठीत मावत नाही,
आणि हे मुठीला कळलं
की पुस्तकाला फारसं काम राहत नाही.

खिडकीखालच्या फळीवर बिस्किटांचे डबे.
सुपाऱ्या. काजूबिया
(चिठ्ठी: मोजायच्या आहेत, भाजायच्या नाहीत).
तिसऱ्यांचे शिंपले, सायमानं तीनदा धुऊन आणलेले,
तरी झाकण उघडलं की वर्गभर कालवणाची आठवण.

करवंट्यांचा तराजू टांगला आढ्याला.
डावी करवंटी जन्मानं जड.
उजवीला मेणाचा ठिपका लावला,
जरा जास्त झाला, नखानं काढला,
पुन्हा लावला. याच्यातच गेली दुपार.

पुठ्ठ्याचं घड्याळही केलंय, काटे फिरणारं.
पण लौकिकचा बाप भरतीवर निघतो,
आज पहाटे चारला, उद्या पाच वाजायच्या सुमाराला.
त्या घड्याळाला कुठला पुठ्ठा पुरेल?
म्हणून त्याच्याखाली एक चौकट कोरी ठेवली,
भरती: ......
रोज कुणीतरी घरी विचारून यायचं.

मग संख्यारेषा.
बाबल मेतरच्या होडीला लावून उरलेला निळा रंग,
अर्धा डबा, वर साय धरलेला.
उंबऱ्यावर शून्य,
तिथून वीत-वीत अंतरावर जमिनीवर आकडे,
गुडघ्यांवर रांगत, पदर खोचून.
तीसला भिंत लागली.
भिंतीच्या पलीकडं माड आहेत, तेही मोजले असते.

वळून बघते तर शून्यावर लौकिक,
सुट्टीतला, ओल्या पायांचा,
हातात दोरीला लावलेले दोन बांगडे.
“बाई, शून्य हंयच कित्याक?”
कारण खोली इथून सुरू होते, मी म्हटलं.
तो खोलीकडं बघतच नव्हता.
“सुकतीक पानी जेटीच्या खुणेच्याय खाली जाता. मगे?”

तिसरीच्या पुस्तकात याला उत्तर नाही.
सहावीत आहे, पण सहावीची शाळा खाडीपलीकडं.
मी ब्रश पुढं केला.
बांगडे मला धरायला देऊन
तो उंबऱ्याबाहेर बसला, पहिल्या पायरीवर,
एक रेघ मारली, एक लिहिला,
थबकला. हा तो एक नव्हे.
अंगठ्यानं पुसला.
मग जीभ दाताखाली धरून तोच एक उलटा काढला,
डोकं खाली, शेपटी वर,
आडव्या होडीसारखा नाही, बुडी मारणाऱ्यासारखा.
दुसऱ्या पायरीवर उलटा दोन.
तिसरीवर तीन.
चौथी पायरी वाळूच. तिथं रंग धरेना,
शोषून घेत राहिली वाळू, तो लिहीत राहिला.

सोमवारी केंद्रप्रमुख येतील, भिंतीचे फोटो काढतील,
पायऱ्यांवर हे काय म्हणून विचारतील.
काय सांगायचं ते ठरलेलं नाही.
जुड्या मोजल्या, डब्यांना झाकणं लावली,
बांगड्यांचा वास हाताला तसाच.
शून्यावर पाय न देता बाहेर आले,
कुलूप ओढून बघितलं,
आणि मग कळलं
मी उलट्या दोनवर उभी आहे,
रंग ओला.