नहदाचा पूल

रस्त्याच्या या बाजूला शारजा,
त्या बाजूला दुबई.
मधे गाड्यांचा लोंढा आणि एक पादचारी पूल.
इकडे मी अकरा वर्षं स्टाफ नर्स.
पूल उतरले, की कुणीच नाही.

तिथलं लायसन्स वेगळं.
परीक्षा वेगळी, फी वेगळी,
मिरजेच्या कॉलेजाला पुन्हा तेच पत्र:
ही बाई तुमच्याकडे खरंच शिकली का?
क्लार्क मोघे वारले, रजिस्टर वाळवीनं नेलं.
नवा मुलगा म्हणतो, मॅडम, सोमवारी बघतो.
चार सोमवार झाले.

मार्कशीटवर करुणा शांतवन भांबळ,
पासपोर्टवर करुणा विल्सन साळवे.
दोघी एकच, हे सांगायला
प्रतिज्ञापत्र, त्यावर शिक्का,
शिक्क्यावर शिक्का.
पप्पांचं नाव काढून नवऱ्याचं लावलं
तेव्हा चर्चमध्ये
कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

काल रात्री पुलाच्या मधोमध
डिलिव्हरीवाला एक पोरगा
कठड्याला टेकून, घामाघूम.
पिशवीतलं जेवण अजून गरम.
मी मनगट धरलं.
एकशे अठरा. मधेच एक ठोका गाळतेय.
त्यानं विचारलं, सिस्टर आहात का?
म्हटलं, थांब.
मोजू दे.