कोरडं वजन

चार नंबरच्या खुर्चीवर तोडणकर,
मंगळ-गुरू-शनी, सकाळची पाळी.
एकदा निघताना पिशवीतून
ओल्या वर्तमानपत्राची सुरळी काढून हातात दिली.
आत एक पान, वीतभर देठ,
आणि देठाला लोंबणारी तपकिरी दोरी.
"मॉन्स्टेरा. ही दोरी म्हणजे मूळ, हवेतलं.
कितीही वेडंविद्रं दिसलं तरी कापू नकोस."
आडनाव तोडणकर, मी म्हटलं,
आणि सांगता तोडू नको.
हसले. हसताना टोचल्या जागेवरचा बोळा
अंगठ्याने घट्ट दाबून धरला होता.

शिवडीला राहायचे. गोदीत क्रेनवर होते,
तीस वर्षं वरच्या केबिनमध्ये बसून
खालच्यांच्या हातवाऱ्यांवर उचलायचं, ठेवायचं.
जेवणाचा डबासुद्धा दोरीने वर.

त्यांना दिवसाचं पाणी साडेसातशे मिली,
गोळ्या गिळायचं धरून.
बाटलीवर पेनाने रेघा मारून आणायचे.
आणि हा माणूस मला शिकवायचा
झाडाला पाणी कसं घालायचं:
"बेतानं. तहानलेलं दिसलं म्हणून लगेच ओतू नये.
माती दोन पेरं कोरडी होऊ दे.
वरच्या मुळांना नुसता फवारा,
त्यांना ओठ ओले केले तरी पुरतं."
बोलताना गालात बर्फाचा खडा
इकडून तिकडे फिरत होता.

आमची खोली कांजूरमार्गला, सातवा मजला.
समोरची बिल्डिंग इतकी जवळ
की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो.
ऊन दहा ते पावणेअकरा,
तेही समोरच्या काचेवरून उसनं.
पाणी पहाटे पाच-चाळीसला, क्लोरीनचा वास घेऊन.
ते दिवसरात्र बादलीत उघडं ठेवते, मग झाडाला.
मशीनच्या पाण्यातलं क्लोरीन रोज तपासते मी,
तेवढं तरी कळतं.

पहिल्या वर्षी तीन पानं, बिनभोकांची.
दुसऱ्या वर्षी मुळं सुटली.
एक भिंतीचा रंग घेऊन आलं,
एक शिलाई मशीनच्या पायट्यापर्यंत.
आई ओरडली, "साप वाटला गं! छाट ते."
पेशंटची वस्तू आहे, मी म्हटलं. ती गप्प झाली.
मग प्लंबरकडचा उरलेला पाइप आणला,
त्यावर काथ्या गुंडाळला बँडेजसारखा,
प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा.
देठ गॉजने बांधला, बोट आत जाईल इतका सैल.
महिनाभर मुळांनी ढुंकून पाहिलं नाही.
मग एका सकाळी एकाचं टोक काथ्यात शिरलेलं.
कामावर जायला मला उशीर झाला.

तोडणकर डोंबिवलीला गेले, मुलीकडे.
तिथल्या ट्रस्टच्या सेंटरला चारशे रुपये कमी.
शेवटच्या दिवशी आले तेव्हा अठ्ठावन्न तीनशे,
गेले तेव्हा छप्पन्न.
कोरडं वजन म्हणतो आम्ही त्याला,
जादा पाणी काढून जो माणूस उरतो त्याचं.
दारातून म्हणाले, "पाइप उंच लाव. ती थांबत नाही."
फाइलमध्ये नंबर आहे. केला नाही अजून.

चार नंबरवर आता पाटोळ्यांचा हर्षल.
वय एकवीस, कानात हेडफोन, तोंड भिंतीकडे.
तीन महिन्यांत फक्त हं आणि नाही.

रविवारी मी कात्री उकळून घेतली.
गाठीच्या खाली कापलं, मूळ धरून.
नुसतं पान पाण्यात वर्षभर हिरवं राहतं
आणि वाढत नाही,
हे मी आधी एक पान वाया घालवून शिकले.

मंगळवारी सुरळी त्याच्या पिशवीत ठेवली.
त्याने एका कानातलं काढलं.
"रोज पाणी घालायचं?"
नाही. कुंडी उचलून बघायची.
हलकी लागली तर.
"म्हणजे किती हलकी?"
मी वजनकाट्याकडे बघितलं,
त्यानेही बघितलं.
उचलत जा, म्हटलं. कळायला लागतं.