आत ओढलेला हो

फाइल दोनशे सतरा. वक्ता पुरुष, वय त्र्याऐंशी,
गाव लिक्सेलेच्या वर, नदीकाठी,
रस्ता संपल्यावरही जिथे चार घरं उरतात.
नाव पुसायचं, असा नियम आहे.
पण मुलाखत घेणारी टूवा पहिल्याच मिनिटाला
थर्मासचं झाकण फिरवत विचारते,
"कॉफी घेणार ना, सिक्स्टेन?"
आणि पुढे यंत्राने लिहिलंय:
शांतता, चार दशांश सेकंद.
मग कपात काहीतरी ओतल्याचा आवाज.

इथेच मी थांबायला हवं होतं.

आमच्याकडे, ऊमेओच्या वरच्या अंगाला,
हो म्हणताना श्वास बाहेर सोडत नाहीत.
ओठांचा चंबू करून आत ओढतात, झटकन,
गरम सुपाचा पहिला चमचा ओढावा तसा.
बाहेर उणे सव्वीस असताना
तोंड उघडून ऊब कशाला दवडायची,
असं माझे वडील सांगायचे.
खरं कारण त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात आरोग्य केंद्राने
फोनवर यंत्र बसवलं. आमचंच.
बिघडलेले कॉल तपासायला आमच्याकडे येत.
"छातीत दुखतंय का? हो किंवा नाही म्हणा."
श्वास.
"माफ करा, ऐकू आलं नाही. हो किंवा नाही म्हणा."
श्वास, या वेळी लांब,
बहिऱ्याशी बोलावा तसा.
"माफ करा."
मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा ठक्,
आणि मागे भिंतीवरचं घड्याळ,
लाकडी जमिनीवर कुत्र्याची नखं.
यंत्राने दोन्ही अचूक ओळखलं:
घड्याळ. कुत्रा.
माणसाने दोनदा ओ दिली होती.

शेजारच्या गुनवोरने त्याला गाडीत घालून नेलं.
वाचला. आता फोन वाजला की
तो कुत्र्याला बाहेर फिरवायला नेतो, म्हणे.

मी चिडले.
हे यंत्र कुणाच्या हाताखाली शिकलं ते शोधायला बसले.
तेवीसशे तासांचं बोलणं, त्याखाली लिहिलेल्या ओळी,
आणि जिथे जिथे कुणी मान्य केलं होतं,
लग्नाला, विक्रीला, दुसऱ्यांदा वाढलेल्या बटाट्यांना,
तिथे एकच शब्द: गोंगाट.
कोपऱ्यात लिहिणाऱ्याची आद्याक्षरं.
आ. मा.

आस्ता मार्कलुंड.
मी.

विद्यार्थी होते, मिनिटामागे पैसे मिळायचे.
गोंगाट लिहायला एक कळ पुरायची.
आणि जे आईच्या तोंडून दिवसातून शंभरदा ऐकलं
ते शब्द असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
मी कानाआड केलं.
यंत्राने फक्त माझं ऐकलं.

आता रोज संध्याकाळी एकेक फाइल उघडते.
काही श्वास नुसते श्वासच असतात,
जिना चढून आलेल्या माणसांचे.
काही दोन्ही असतात. तिथे मी अडखळते,
तोच सेकंद वीस वेळा ऐकते,
तरी ठरत नाही.

चुकांचा आलेख वर गेलाय.
इत्सियार, आमची प्रमुख, बिल्बाओहून आलेली,
दारात उभी राहून विचारते,
"आस्ता, हे तू जाणूनबुजून केलंस?"
मी स्क्रीनवरून नजर हलवत नाही.
ती थांबते. कोट काढते. पुन्हा थांबते.
"मी काहीतरी विचारलं."
"मी सांगितलं की."
"कधी?"

मी तिला खुर्ची ओढून देते,
माझे हेडफोन तिच्या कानांवर चढवते,
आणि फाइल दोनशे सतरा लावते.
टूवा, थर्मास, झाकण.
चार दशांश सेकंद.
त्याखाली मी लिहिलंय: हो.

मग कॉफी ओतली जाते.